मोटारीच्या स्टेअरिंगची थरथर व गाडीचे एका बाजूस ओढणे : कारणमीमांसा व निदानपद्धती
(सास्तूर परिसरातील वाहनवापराच्या विशेष संदर्भात)

सारांश :
चारचाकी वाहनात वारंवार आढळणाऱ्या दोन तक्रारी म्हणजे स्टेअरिंगची थरथर आणि सरळ रस्त्यावर गाडीचे एका बाजूस ओढणे. या दोन्ही तक्रारी स्टेअरिंगवर जाणवत असल्या तरी त्यांची कारणे बहुधा स्टेअरिंगमध्ये नसून चाक, टायर, ब्रेक व निलंबन यंत्रणेत असतात. ‘दोष केव्हा जाणवतो आणि कोठे जाणवतो’ या दोन प्रश्नांच्या आधारे कारण क्रमाक्रमाने कसे शोधावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर परिसराची काळी जमीन, गावरस्ते आणि जवळचे महामार्ग यांचा या दोषांशी असलेला संबंधही स्पष्ट केला आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : चाकाचा असमतोल, अनुनाद, डिस्कची जाडीतील तफावत, कॅम्बर, कॅस्टर, टो, टायरचा शंकूदोष.

प्रस्तावना :
सास्तूर हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील गाव होय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपामुळे या गावाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. तेरणा खोऱ्यातील हा परिसर काळ्या कसदार जमिनीचा आहे. येथील शिक्षक, प्राध्यापक, रुग्ण व व्यापारी यांना उमरगा, लातूर, सोलापूर अशा ठिकाणी कामानिमित्त जावे लागते. सास्तूर येथील स्पर्श ग्रामीण रुग्णालयात आसपासच्या गावांतून रुग्ण येतात. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ उमरग्यावरून जातो, तर तुळजापूर-औसा-लातूर-नांदेड असा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ दुसऱ्या बाजूस आहे. म्हणजेच येथील गाडी एकाच प्रवासात शेतरस्ता, गावरस्ता व महामार्ग या तिन्हींवरून धावते. वाहनदोषाच्या निदानात ही बाब अत्यंत महत्त्वाची ठरते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

गाडी थरथरू लागली की सर्वसाधारण वाहनधारकापुढे दोन मार्ग असतात. एक, ‘चालायचेच’ म्हणून दुर्लक्ष करणे. दोन, गॅरेजमध्ये जाऊन सांगितले जाईल तो सुटा भाग बदलून घेणे. पहिल्या मार्गात जिवाला धोका संभवतो, दुसऱ्यात खिशाला. चाकाचे नट सैल झाल्यामुळे होणारी थरथर आणि रिममध्ये चिखल अडकल्यामुळे होणारी थरथर हाताला जवळजवळ सारखीच लागते. पण पहिलीत चाक निखळू शकते आणि दुसरी बादलीभर पाण्याने जाते. म्हणून या दोहोंतील फरक ओळखण्याची पद्धत सुशिक्षित वाहनधारकास अवगत असणे अगत्याचे आहे.

उद्दिष्टे :
१) स्टेअरिंगच्या थरथरीची कारणे भौतिकशास्त्रीय तत्त्वांच्या आधारे स्पष्ट करणे.
२) गाडी एका बाजूस ओढण्याची कारणे व त्यांतील भेद सांगणे.
३) कमी खर्चाच्या तपासणीपासून अधिक खर्चाच्या तपासणीकडे जाणारा निदानक्रम मांडणे.
४) सास्तूर परिसरातील जमीन व रस्ते यांमुळे उद्भवणाऱ्या विशेष बाबी नोंदविणे.

हातातील चक्र आणि रस्ता यांतील दुवा :
चालकाच्या हातातील चक्र स्टेअरिंग कॉलममार्गे रॅक व पिनियन यंत्रणेस जोडलेले असते. रॅकच्या दोन्ही टोकांस टायरॉड असतात आणि टायरॉडची टोके पुढच्या चाकांच्या नकलला जोडलेली असतात. नकल खालच्या बाजूस बॉल जॉइंटने लोअर आर्मला आणि वरच्या बाजूस शॉकॲब्सॉर्बरच्या स्ट्रटला धरलेली असते. वळणावर आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक कोनात वळावे, ही रचना लँकेन्सपर्गर या जर्मन कारागिराची. घोडागाडीसाठी केलेल्या या रचनेचे पेटंट रुडॉल्फ ॲकरमन यांनी १८१८ मध्ये लंडनमध्ये घेतले. आजच्या मोटारीतही तेच तत्त्व थोड्याफार फरकाने वापरले जाते.

या साखळीचा अर्थ असा की, पुढच्या चाकावर जे घडते ते टायरॉडमार्गे थेट हातापर्यंत येते. मागच्या चाकांना स्टेअरिंगचा दुवा नसल्याने त्यांचा दोष हाताला न जाणवता आसनाला, गाडीच्या तळाला व पायाला जाणवतो. यातून निदानाचा पहिला नियम मिळतो : थरथर हाताला जाणवत असेल तर शोध पुढून सुरू करावा, बैठकीला जाणवत असेल तर मागून.

चाकाचा असमतोल :
विशिष्ट वेगाला सुरू होणाऱ्या थरथरीचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे चाकाचा असमतोल होय. चाकाच्या एका बाजूस थोडेसे अधिक वस्तुमान असेल तर चाक फिरताना त्या वस्तुमानामुळे बाहेरच्या दिशेने बल निर्माण होते. हे बल वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतके असते. येथे ‘वर्ग’ हा शब्द निर्णायक आहे.

उदाहरणादाखल १६५/८० आर १४ या मापाचा टायर घेऊ. या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर व परिघ सुमारे १.९५ मीटर भरतो. गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर असता चाक सेकंदाला सुमारे १२.८ फेरे घेते. रिमच्या कडेला केवळ २० ग्रॅम वस्तुमान अधिक असेल तर या वेगाला निर्माण होणारे बल सुमारे २३ न्यूटन, म्हणजे जवळजवळ २.३ किलोग्रॅम वजनाइतके असते. हे बल चाकाबरोबर फिरते आणि चाकास सेकंदाला बारा-तेरा हिसके देते. हीच गाडी ताशी ४० किलोमीटरने चालविल्यास ते बल सुमारे पाचपटीने कमी होते व चालकाच्या लक्षातही येत नाही.

सास्तूर ते उमरगा अशा प्रवासात नेमके हेच घडते. गावरस्त्यावर वेग कमी असतो, शिवाय खड्डे व गतिरोधक यांच्या धक्क्यांत बारीक थरथर झाकली जाते. महामार्गावर चढून वेग ८० च्या पुढे गेला की स्टेअरिंग थरथरू लागते. तेव्हा दोष महामार्गावर निर्माण झालेला नसून तो तेथे प्रकट झालेला असतो. यास्तव ‘गावात गाडी व्यवस्थित चालते’ हा निर्दोषपणाचा पुरावा मानता येत नाही.

दुसरी बाब अनुनादाची. प्रत्येक यंत्रणेची स्वतःची स्वाभाविक कंपनसंख्या असते. टायरच्या लवचिकतेवर उभे असलेले चाक, ब्रेक व नकल यांच्या समूहाची स्वाभाविक कंपनसंख्या साधारणतः सेकंदाला १० ते १५ इतकी असते. वरील टायर ताशी ७२ किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे १०.३ आणि ताशी ९० ला १२.८ फेरे घेतो. म्हणजेच सामान्य महामार्गी वेगाला चाकाची फेरेसंख्या या पट्ट्यात शिरते आणि थरथर एकदम वाढते. वेग आणखी वाढविल्यास कित्येकदा ती कमी झाल्यासारखी वाटते. तथापि बल कमी झालेले नसते, केवळ अनुनाद ओसरलेला असतो. ‘वेग वाढवला की थरथर जाते’ म्हणून अधिक वेगाने गाडी हाकणे हा उपाय नव्हे.

असमतोलाचे दोन प्रकार संभवतात. जादा वस्तुमान चाकाच्या मध्यप्रतलात असेल तर चाक वर-खाली उसळते. ते आतल्या किंवा बाहेरच्या कडेला असेल तर चाक डावी-उजवीकडे लचकते आणि हे लचकणे टायरॉडमार्गे स्टेअरिंगला डोलविते. म्हणून बॅलन्सिंग करताना रिमच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही कडांवर वजने लावावी लागतात. केवळ बाहेरच्या कडेवर वजन लावून केलेले काम अपुरे ठरते.

काळ्या मातीचा प्रश्न :
सास्तूर परिसराच्या दृष्टीने असमतोलाचे एक कारण स्वतंत्रपणे नोंदविणे आवश्यक आहे. दख्खनच्या पठारावरील काळी माती ओली झाली की फुगते व चिकटते, वाळली की आक्रसून दगडासारखी घट्ट होते. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून गेलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूस चिखलाचा थर बसतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यास ओला चिखल खालच्या बाजूस उतरतो व तेथेच वाळतो. रिमचा आतला भाग बाहेरून दिसत नसल्याने धुताना तो सुटतो. वीस ग्रॅम वस्तुमानाचा परिणाम वर पाहिलाच आहे; मातीचे ढेकूळ तर त्याच्या अनेकपट असू शकते.

त्यामुळे पावसाळ्यात अचानक सुरू झालेल्या थरथरीवर पहिला उपाय म्हणजे चाकाची आतली बाजू पाण्याच्या जोरदार धारेने स्वच्छ धुणे. बॅलन्सिंगपूर्वीही चाक असेच स्वच्छ करून घ्यावे. चिखलासह बॅलन्सिंग केल्यास यंत्र त्या चिखलाला तोलणारे वजन लावावयास सांगते. पुढे चिखल गळून पडला की लावलेले वजनच असमतोलाचे कारण बनते आणि दोष दुरुस्तीनंतर वाढल्यासारखा वाटतो. टायरच्या खाचांत अडकलेले खडेही याच वेळी काढावेत.

गोलाईचा दोष :
प्रत्येक थरथर वजनाने जात नाही. खड्ड्यात जोराने आदळल्यामुळे रिमची कड वाकली असेल किंवा टायरमधील पोलादी पट्टा आतून सुटला असेल तर चाक तोलात असूनही गोल राहत नाही. साधे बॅलन्सिंग यंत्र वस्तुमानाची विषमता दाखविते, गोलाईची नव्हे. म्हणून यंत्रावर चाक फिरत असता रिमची कड व टायरची पृष्ठरेषा डोळ्यांनी पाहावी. एखादी स्थिर वस्तू टायरजवळ धरून चाक हळू फिरविल्यास अंतरातील फरक सहज दिसतो.

टायरच्या कडेवर फुगवटा दिसल्यास आतील धागे तुटले आहेत असे समजावे. असा टायर दुरुस्त होत नाही. तो तत्काळ काढून जादा चाक लावावे. टायरचे वयही पाहावे. टायरच्या कडेवरील उत्पादन-संकेताचे शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष दर्शवितात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ या वर्षाचा तेविसावा आठवडा. मोटारगाडीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असा नियम आहे. खाचेतील उंचवटे टायरच्या पृष्ठभागाशी समपातळीत आले की ही मर्यादा गाठली असे समजावे.

उन्हाळी सुट्टीत महिना-दीड महिना एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीत आणखी एक प्रकार आढळतो. टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो व सुरुवातीला थरथर जाणवते. काही किलोमीटर गेल्यावर टायर तापतो व पूर्ववत गोल होतो. थरथर अशी आपोआप थांबल्यास खर्च करण्याचे कारण नाही. ती कायम राहिल्यास मात्र टायर तपासून घ्यावा.

ब्रेक लावतानाची थरथर :
एरव्ही गाडी शांत चालते, परंतु वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग डोलते, असा अनुभव असल्यास दोष चाकाच्या तोलात नसून पुढच्या ब्रेक डिस्कमध्ये असतो. सामान्यतः याला ‘डिस्क वाकली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कच्या जाडीत जागोजागी सूक्ष्म फरक पडलेला असतो. डिस्क किंचित तिरपी बसली असेल तर ब्रेक न लावताही दर फेऱ्यास तिचा एक भाग पॅडला घासतो, त्या जागी ती झिजते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावयाचे हे फरक डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी डायल गेज व मायक्रोमीटर लागतो.

डिस्क तिरपी बसण्याची तीन कारणे प्रमुख होत : हबवर साचलेला गंज, चाकाचे नट असमान आवळणे आणि झिजलेले बेअरिंग. यांपैकी दुसरे कारण पंक्चर काढताना निर्माण होते. एकाच बाजूचे नट आधी पूर्ण आवळणे किंवा हवेच्या बंदुकीने ते प्रमाणाबाहेर घट्ट करणे टाळावे. नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आणि वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच टॉर्कपान्याने आवळावेत. चाक काढून बसविल्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटरने नट पुन्हा तपासणे ही चांगली सवय होय. तापलेल्या डिस्कवर थंड पाणी ओतणे टाळावे. मागच्या ड्रमचा दोष असल्यास थरथर हातापेक्षा बैठकीत व ब्रेकच्या पायपट्टीत अधिक जाणवते.

वेग घेतानाची व वळणावरील लक्षणे :
पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांत, अर्थात आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत, इंजिनची शक्ती दोन ड्राइव्हशाफ्टमार्गे चाकांकडे जाते. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी डावी-उजवीकडे हलते आणि पाय सोडताच शांत होते, असे असल्यास ड्राइव्हशाफ्टचा आतला सांधा झिजला असण्याची शक्यता अधिक असते. वळताना ‘कट-कट’ असा आवाज येत असेल तर बाहेरचा सांधा संशयास्पद ठरतो. या सांध्यांवरील रबरी आवरण फाटले की आतले ग्रीस उडून जाते व धूळ शिरते. शेतरस्त्यावरील धुळीत हा नाश जलद होतो. आवरण वेळीच बदलल्यास सांधा वाचतो.

सतत घुमणारा आवाज व बारीक कंप वळणावर बदलत असेल तर चाकाचे बेअरिंग तपासावे. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो. त्या वेळी आवाज वाढल्यास डाव्या बाजूचे बेअरिंग प्रथम पाहावे. गाडी उभी असतानाही इंजिनच्या ठरावीक गतीला स्टेअरिंग थरथरत असेल तर चाकांचा संबंधच उरत नाही. इंजिन अथवा त्याचे माउंटिंग हे त्याचे कारण असते.

गाडीचे एका बाजूस ओढणे :
थरथर व ओढणे या दोन भिन्न तक्रारी आहेत. थरथर हे फिरणाऱ्या दोषाचे लक्षण होय, तर ओढणे हे डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचे. त्यामुळे थरथरीवर अलाइनमेंट आणि ओढण्यावर बॅलन्सिंग असे उलटसुलट उपचार केल्यास पैसे जातात व दोष राहतो.

प्रथम रस्त्याचा विचार करणे आवश्यक आहे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधून उंच व कडेला उतरता ठेवलेला असतो. डांबरी रस्त्याचा हा आडवा उतार सर्वसाधारणपणे शेकडा २ ते २.५ असतो. एक हजार किलोग्रॅमच्या गाडीवर शेकडा २.५ उतारामुळे कडेच्या दिशेने सुमारे २५ किलोग्रॅम वजनाइतके बल कार्य करते. भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने निर्दोष गाडीही हात सैल सोडल्यास हळूहळू डावीकडे सरकते. म्हणून तपासणी शक्यतो सपाट भागावर करावी. रहदारी नसलेल्या रुंद रस्त्यावर दोन्ही दिशांनी गाडी चालवून पाहिल्यास रस्त्याचा व गाडीचा वाटा वेगळा करता येतो. स्टेअरिंगवरून हात कधीही पूर्णपणे काढू नयेत; केवळ पकड हलकी करावी.

रस्त्याचा वाटा वगळल्यानंतर पुढील कारणे क्रमाने तपासावीत.

१) टायरमधील हवा : ज्या बाजूस हवा कमी, त्या बाजूस गाडी ओढते, कारण तो टायर अधिक दबतो व त्याचा रोध वाढतो. हवा टायर थंड असताना मोजावी. गाडी किती पौंड हवा मागते ते चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेले असते. टायरच्या कडेवर छापलेला कमाल दाब हा त्यासाठी वापरू नये.

२) टायरचा शंकूदोष : टायरमधील पट्टा किंचित एका कडेला सरकलेला असल्यास टायर शंकूप्रमाणे वागतो व एका बाजूस लोळू पाहतो. हा दोष नव्या टायरमध्येही असू शकतो. पुढची दोन चाके परस्परांत बदलून पाहावीत. ओढण्याची दिशा बदलली किंवा ओढणे थांबले तर दोष टायरचा. दिशा कायम राहिली तर दोष गाडीचा. ही बिनखर्चाची चाचणी अलाइनमेंटच्या आधी करणे श्रेयस्कर होय. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असल्यास मात्र चाके डावी-उजवी न बदलता त्याच बाजूची पुढची-मागची बदलावीत.

३) अडकलेला ब्रेक : कॅलिपरची पिन गंजली असेल किंवा पिस्टन मागे सरकत नसेल तर ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो व गाडी त्या बाजूस ओढते. काही किलोमीटर फारसा ब्रेक न लावता गाडी चालवून थांबल्यावर चाकांजवळ हात नेऊन उष्णतेची तुलना करावी. डिस्कला स्पर्श करू नये. एक चाक इतरांहून स्पष्टपणे गरम असल्यास निदान जवळजवळ निश्चित होते. याउलट गाडी केवळ ब्रेक लावतानाच ओढत असेल तर ज्या बाजूस ओढते त्याच्या विरुद्ध बाजूचा ब्रेक कमी लागत असण्याचा संभव असतो. पॅडवरील तेल, अडकलेला पिस्टन, आतून फुगलेला ब्रेकपाइप ही त्याची कारणे होत. लोअर आर्मचे बुश सैल असल्यासही असेच लक्षण दिसते.

४) चाकांचे कोन : कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाकाचे आत-बाहेर झुकणे. ज्या बाजूचे चाक वरच्या भागात अधिक बाहेर झुकलेले असेल, त्या बाजूस गाडी ओढते. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहता चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचे मागे झुकणे. ज्या बाजूस ते कमी असेल त्या बाजूस गाडी ओढते. टो म्हणजे वरून पाहता चाकांचे आत किंवा बाहेर वळलेले असणे. पुढच्या टोमुळे गाडी सहसा ओढत नाही, पण स्टेअरिंग तिरके राहते व टायर झिजतात. चाक एक दशांश अंशानेही चुकीच्या कोनात असेल तर दर किलोमीटरमागे टायर सुमारे पावणेदोन मीटर आडवा घासला जातो. दहा हजार किलोमीटरमध्ये हे घासणे साडेसतरा किलोमीटरइतके होते. टायरवर हात आडवा फिरविल्यास एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने धारदार लागत असेल तर टो बिघडला असे समजावे.

५) स्टेअरिंग यंत्रणा : विद्युत साहाय्य असलेल्या स्टेअरिंगमध्ये संवेदकाचा शून्यबिंदू चुकल्यास मोटर नकळत एका बाजूस बल देते. वरील सर्व कारणे वगळल्यानंतरच याकडे वळावे. केवळ जोराने वेग घेताना होणारे ओढणे मात्र असमान लांबीच्या ड्राइव्हशाफ्टमुळेही होऊ शकते. ते काही गाड्यांच्या रचनेचाच भाग असते.

निदानाचा क्रम :
वैद्य ज्याप्रमाणे औषध देण्यापूर्वी ताप केव्हा चढतो व कशाने उतरतो हे विचारतो, त्याप्रमाणे वाहनधारकाने गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी पुढील नोंदी लिहून ठेवाव्यात : कोणत्या वेगाला, ब्रेक लावताना की वेग घेताना, सरळ की वळणावर, हाताला की बैठकीला, आणि कोणत्या घटनेनंतर. ‘गाडी थरथरते’ या एका वाक्यावरून कुशल कारागीरही अंदाजच करू शकतो. ‘ताशी ८५ च्या आसपास, सरळ रस्त्यावर, हाताला, पंक्चर काढल्यापासून’ एवढे सांगितल्यास अर्धे निदान तेथेच होते.

त्यानंतरची तपासणी याप्रमाणे असावी :
पहिला टप्पा – नट, हवा, टायरचा पृष्ठभाग, रिममधील चिखल.
दुसरा टप्पा – पुढची चाके मागे व मागची पुढे. थरथर हातातून बैठकीत गेली तर दोष पुढे असलेल्या चाकांचाच होता, हे सिद्ध होते.
तिसरा टप्पा – गाडी सपाट जागी जॅकवर उचलून, स्टँडचा आधार देऊन चाक हलविणे. वर-खाली धरून हलविता ढिलाई जाणवली तर बेअरिंग वा बॉल जॉइंट. डावी-उजवी धरून जाणवली तर टायरॉड एंड वा रॅक.
चौथा टप्पा – झिजलेले भाग बदलणे.
पाचवा टप्पा – बॅलन्सिंग.
सहावा टप्पा – अलाइनमेंट व पुन्हा रस्त्यावर चाचणी.

हा क्रम उलटा करता येत नाही. सैल बॉल जॉइंटवर केलेली अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात बिघडते. त्याचप्रमाणे अलाइनमेंटनंतर आधीचे व नंतरचे कोन दाखविणारा छापील तक्ता मागून घ्यावा. डाव्या-उजव्या बाजूंतील फरक त्यावरूनच कळतो. रस्त्यावरील प्रत्येक चाचणी कायदेशीर वेगमर्यादेतच करावी, हे सांगणे न लगे.

तत्काळ थांबण्याची लक्षणे :
काही लक्षणे दिसल्यास निदानासाठीही पुढे जाऊ नये. थरथर अचानक सुरू होऊन झपाट्याने वाढणे, कमी वेगातही चाक लचकणे, स्टेअरिंगमध्ये ढिलाई किंवा ठोके जाणवणे, टायरवर फुगवटा दिसणे, चाकाजवळून जळका वास येणे ही ती लक्षणे होत. अशा वेळी ब्रेक जोराने न दाबता वेग हळूहळू कमी करून गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी व प्रथम चाकांचे नट पाहावेत. नट ठीक असूनही ढिलाई असल्यास गाडी टोचन लावूनच न्यावी. टायरॉड किंवा बॉल जॉइंट सुटल्यास चाकावरील नियंत्रण संपते, आणि महामार्गाच्या वेगाला त्याची भरपाई कोणत्याही कौशल्याने होत नाही. रुग्णाला घेऊन जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत ‘पोहोचल्यावर बघू’ हा विचार विशेष घातक ठरतो. तेथे दहा मिनिटे थांबून दुसरे वाहन मिळविणे हेच शहाणपणाचे होय.

निष्कर्ष :
१) स्टेअरिंगवर जाणवणारा दोष बहुधा चाक, टायर, ब्रेक किंवा निलंबन यंत्रणेत असतो.
२) सरळ जाताना ठरावीक वेगाची थरथर असमतोल वा गोलाईचा दोष दर्शविते; ब्रेक लावतानाची थरथर डिस्कचा; वेग घेतानाची ड्राइव्हशाफ्टचा.
३) ओढण्याच्या तक्रारीत रस्त्याचा उतार, हवा, टायरची अदलाबदल व ब्रेकची उष्णता तपासल्यावरच अलाइनमेंटकडे वळावे.
४) काळ्या जमिनीच्या परिसरात रिमच्या आतील चिखल हे पावसाळ्यात प्रथम तपासण्याचे कारण होय.
५) कमी वेगाच्या गावरस्त्यांवर दोष झाकला जातो, म्हणून लांबच्या प्रवासापूर्वीची तपासणी महामार्गावर चढण्याआधीच करावी.

शिफारशी :
महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र विभागांना या विषयात प्रात्यक्षिकाची उत्तम संधी आहे. भ्रमणध्वनीतील त्वरणमापकाच्या साहाय्याने, चालकाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीने, निरनिराळ्या वेगांना कंपनसंख्या नोंदवावी. वेगाला टायरच्या परिघाने भागून आलेल्या फेरेसंख्येशी ती जुळल्यास दोष चाकाशी निगडित आहे, हे विद्यार्थी स्वतः सिद्ध करू शकतील. ताशी ७२ किलोमीटरला १०.३ आणि ताशी ९० ला १२.८ ही वर दिलेली उत्तरे त्यांना पडताळून पाहता येतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसह अशी संयुक्त तपासणी घेतल्यास एकास तत्त्व व दुसऱ्यास हत्यार यांची ओळख होईल. महाविद्यालयाच्या आवारात पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर प्राध्यापक व कर्मचाऱ्यांच्या वाहनांची हवा, नट व टायर यांची तपासणी करणे हा त्याचा सहज शक्य होणारा आरंभ ठरेल.